मसाई पठार आणि माझं उलटं होकायंत्र

घरात मी सांगितलं, दोन दिवस होकायंत्र शिकायला मसाई पठारावर चाललोय. वडिलांनी पेपर खालीसुद्धा घेतला नाही. "कॉलेजात शिकायचं ते शिकला न्हाईस, आता डोंगरावर जाऊन उत्तर दिशा शिकणार व्हय? आपल्या बावड्याच्या घरातनं उत्तर दिसत न्हाय का तुला?"

त्यांचं बरोबर होतं. दिशा शिकायला मी जात नव्हतो. गिरिजाला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती बुधवारच्या आत विचारायची होती. बुधवारी उचगावला तिच्या घरी निपाणीचे पाव्हणे तिला बघायला येणार होते.

गिरिजा माझ्या वर्गात होती. 'होती' म्हणजे ती अजून आहे, मी नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षी एका सरांनी माझं जर्नल वर्गासमोर भिरकावलं, मी ते उचलून त्यांच्याच टेबलावर आपटलं. माफीपत्र लिही म्हणाले, लिहिलं नाही. तेव्हापासून काकांच्या उद्यमनगरातल्या शॉपमध्ये लेथ मशीनवर उभा आहे. गिरिजाच्या वडिलांचं किराणा मालाचं होलसेल दुकान. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि मटणाचं नाव काढायची सोय नाही. तीन वर्षांत तिच्याशी मी सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललो असेन असं वाटत नाही. लायब्ररीचा जिना, नाहीतर सिटी बसचा दांडा. त्यात काय बोलणार, कप्पाळ?

कॉलेजच्या हायकिंग क्लबनं ऑगस्टात 'होकायंत्र व नकाशावाचन शिबिर' काढलं होतं. बाहेरच्यांनाही दीडशे रुपयांत प्रवेश. एका मित्राकडून कळलं की ती जाणार आहे. होकायंत्र ज्याचं त्यानं आणलं तर उत्तम, असं पत्रकात होतं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून मी चांगलं साडेतीनशेचं होकायंत्र घेतलं आणि आठवडाभर काकांच्या शॉपमध्ये येईल त्याला दाखवत बसलो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कोल्हापूरच्या स्टँडवरून पन्हाळ्याला एसटी, तास पुरतो. तिथून म्हाळुंगेकडं वडाप मिळतं. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा जण बसवतात आणि ड्रायव्हर स्वतः दारातनं निम्मा बाहेर असतो. पाऊस असेल तर टपावर बसू नका, आम्ही बसलो आणि वर पोचेपर्यंत धुतलेल्या डब्यांसारखे झालो. पन्हाळ्यावर मिसळ खाऊन घ्या, पुढं चहाशिवाय काही नाही. आणि पठारावर जायला ऑगस्ट चांगला, असं जो सांगेल त्याला आधी स्वतः जाऊन यायला सांगा. फुलं आहेत, झरे आहेत, सगळं आहे. फक्त दिसत नाही. धुक्यात स्वतःचे बूट दिसले तरी पुष्कळ.

शनिवारी दुपारी म्हाळुंगे गावातल्या शाळेत उतरलो. शिकवायला पुण्याहून मुळे सर आले होते. सरांच्या पँटला अकरा खिसे. मोजले मी, भाषणात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक खिशातनं काहीतरी निघायचं: शिट्टी, दोरी, सुका मेवा, छोटी बॅटरी. क्लबची चार-पाच पोरं त्यांच्याकडं अशी बघत होती की सर आत्ता खिशातनं हिमालय काढतील. त्या पोरांचेही बूट महागाचे, सॅका महागाच्या, आणि बोलणं असं की आपण पन्हाळ्याच्या पायथ्याला नसून ऑक्सिजन संपत आलेल्या ठिकाणी आहोत.

"मित्रांनो," सर म्हणाले, "होकायंत्र हा तुमचा सर्वांत प्रामाणिक मित्र आहे." मग त्यांनी त्या मित्राचे अवयव सांगायला सुरुवात केली.

मी ते इथं चार वाक्यांत सांगतो, सरांना पाऊण तास लागला. खाली एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर एक बाण कोरलेला. जायचंय तिकडं हा बाण. पट्टीवर एक गोल फिरती डबी, तिच्या कडेला शून्यापासून तीनशे साठपर्यंत अंश, आणि डबीच्या तळाशी लाल रंगाचं एक निमुळतं घर काढलेलं. डबीच्या आत तेलासारख्या द्रवात सुई तरंगते, एक टोक लाल, एक पांढरं, आणि द्रव एवढ्यासाठी की सुई थरथरत न बसता लगेच ठरावी. पश्चिमेला जायचं असेल तर डबी फिरवून २७० हा आकडा बाणाच्या मुळाशी आणायचा, पट्टी पोटासमोर आडवी धरायची, आणि सुईचं लाल टोक त्या लाल घरात शिरेपर्यंत आपण स्वतः जागेवर फिरायचं. शिरलं, की बाण दाखवील तिकडं नाकासमोर चालायचं.

झालं. एवढंच आहे. सुई चुंबक आहे, पृथ्वी चुंबक आहे, लाल टोक उत्तरेला जातं, बाकी सगळं प्लास्टिक. पण एवढ्यावर सरांचं समाधान कुठलं? नकाशाची उत्तर वेगळी, सुईची उत्तर वेगळी, दोन्हीत फरक असतो, यावर वीस मिनिटं गेली. फळ्यावर तीन-तीन उत्तर दिशा काढल्या. शेवटी म्हणाले, "अर्थात, तुमच्या भागात हा फरक इतका कमी आहे की विसरलात तरी चालेल." वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि विसरा म्हणाले. बोंबला!

मग परीक्षा. सगळ्यांनी आपलं नाहीतर क्लबनं दिलेलं होकायंत्र धरायचं आणि उत्तरेकडं हात करायचा. वर्गातल्या बाकी एकवीस जणांचे हात फळ्याकडं गेले. माझा मागच्या भिंतीकडं.

पोरं फिदीफिदी हसली. "कर्नाटकात चाललाय त्यो!" कुणीतरी म्हणालं.

सर आले. माझी डबी एकदा बघितली, माझ्याशेजारचं शाळेचं लोखंडी कपाट बघितलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "कपाट. लोखंडाजवळ होकायंत्र कधीही वापरू नये. बघा, ह्यांनी आपल्याला उत्तम उदाहरण दिलं." आणि परत फळ्याकडं गेले. मला बाहेर पटांगणात नेऊन पुन्हा बघावं, हे त्यांच्या अकरा खिशांपैकी एकातही नव्हतं. मलाही ते सुचलं नाही. मला पोरांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.

संध्याकाळी पिठलं, भाकरी आणि ठेचा. सरपंचांच्या घरच्या बायकांनी केलेलं. शिबिरातलं एवढं एकच काम ज्याला नाव ठेवता येणार नाही. ताट घेऊन गिरिजा समोर आली.

"तू इथं कसा रं?"

"शिकायला."

"तू? आणि शिकायला?" ती एवढ्यानं हसली की भाकरी ताटातनं घसरली. "कॉलेजातला दाखला काढून हितं भरलास व्हय?"

मी म्हणालो, "तुझ्या सरांपेक्षा बरं शिकवीन मी."

"ते दिसलं की मघाशी," ती म्हणाली आणि मैत्रिणींकडं गेली. एवढं बोलणं झालं. मी पाठ करून आणलेलं वाक्य तसंच राहिलं. म्हटलं, उद्या.

रविवारी सकाळी सगळे पठारावर चढलो. वर काळा-तांबडा कातळ, त्यावर गुडघाभर गवत, आणि चहूबाजूंनी पांढरं. सपाट जागा एवढी की चार पावलं चालल्यावर आपण कुठनं आलो ते सांगता येत नाही. सर खूश. "आदर्श परिस्थिती!" म्हणाले. त्यांनी पहाटे गड्याबरोबर जाऊन ठिकठिकाणी केशरी झेंडे रोवले होते. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला एक होकायंत्र, एक चिठ्ठी. चिठ्ठीत अंश आणि पावलं. झेंडा सापडला की त्याला बांधलेली पुढची चिठ्ठी घ्यायची.

"स्वतःचं होकायंत्र कुणाकडे आहे?" माझ्यासह तिघांनी हात वर केले. मला जोडीदार कोण, म्हणून सरांनी बघितलं, आणि गिरिजा रांगेतनं बाहेर आली.

"मी जातो ह्याच्यासंगं."

आमच्या इकडच्या पोरी 'जातो, येतो' असंच बोलतात. पुण्याच्या सरांच्या भुवया वर गेल्या. माझं मात्र ऐकणं तिथंच थांबलं. ती स्वतः आली होती. सगळ्या वर्गासमोर.

चिठ्ठीत लिहिलं होतं: २७०, चारशे पावलं. मी डबी फिरवली, २७० बाणाच्या मुळाशी आणलं, पोटासमोर धरलं, लाल टोक लाल घरात येईपर्यंत फिरलो. हात अगदी स्थिर ठेवले होते. शाळेतल्या हसण्याचा सूड मला ह्या चारशे पावलांत घ्यायचा होता. आम्ही निघालो.

शंभराव्या पावलावर विचारायचं असं मी ठरवलं होतं. शंभराला ती पावलं मोठ्यानं मोजत होती, म्हटलं, मोजणी मोडेल. दोनशेला एक ओढा आडवा आला. तीनशेला वाटलं, झेंडा सापडू दे, म्हणजे जरा वजन पडेल आपल्या बोलण्याला.

चारशेला झेंडा नव्हता. दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं. नुसतं गवत.

गिरिजा थांबली. ओढणी तोंडावर येत होती ती तिनं मागं ढकलली, आणि ती परत पुढं आली. "ए," ती म्हणाली, "वारं पाठीवर हाय बघ."

"मग?"

"आरं, पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं येतंय. पश्चिमेला चाललोय तर ते तोंडावर पायजे. आपण उलटं आलोय."

"वारं फिरतंय डोंगरावर. सुई फिरत न्हाय."

"काल वर्गात फिरलीती की."

"ते कपाट होतं! सर स्वतः म्हणाले!"

बघा, ज्या माणसाला मी आदल्या दिवसापासून शिव्या घालत होतो, त्याचाच मी दाखला देत होतो. मी तिला सगळे भाग परत समजावून सांगितले. हा बाण, ही डबी, हे घर, हे लाल टोक. ती म्हणाली, "मला म्हायती हाय. मी पण बसलोवतो की वर्गात." मी म्हणालो, मग कळत कसं नाही? सरांनी अंतरच चुकीचं दिलंय, अजून शंभर पावलं जाऊया. ती नको म्हणत होती. मी पुढं निघालो.

साठ-सत्तर पावलांवर तिनं मागनं माझ्या शर्टाची कॉलर धरून मला एवढ्या जोरात ओढलं की वरचं बटण तुटलं. माझ्या बुटापुढं वीतभर गवत होतं आणि त्यापुढं काहीच नव्हतं. पठार संपलं होतं. खाली धुकं. माझ्या पायाखालचा एक दगड सुटून गेला, त्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

तिचा हात अजून माझ्या कॉलरवर होता. तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा हात लावला होता. ह्या क्षणी मी काय बोलावं? मी म्हणालो, "बघ, म्हणजे सरांनी झेंडा कड्याच्या बाहेर लावलाय."

तिनं हात काढून घेतला.

"सुई उलटी झालीया," ती म्हणाली, हळू, एकेक शब्द. "लाल टोक दक्षिणेला जातंय. पांढरं टोक लाल घरात बसवू आणि चालू. बरोबर जातोय बघ आपण."

"लाल म्हंजे उत्तर. सुई काय मनाला येईल तशी उलटी होती व्हय?"

"झाली की!"

"कशानं झाली? सांग."

तिला कशानं ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण तिला माहीत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी अर्धा तास भांडलो. आवाज चढले. कड्यापासनं चार पावलांवर उभं राहून, भिजून, मी तिला पृथ्वीचं चुंबकत्व शिकवत होतो.

आमचा आवाज ऐकूनच असेल, धुक्यातनं आधी म्हशीचं शिंग आलं आणि मग घोंगड्यावर प्लास्टिकचा कागद पांघरलेले एक आजोबा आले.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचं."

"आणि हितं कड्याला काय भांडताय? घरात जागा न्हाई व्हय?" गिरिजा लाल झाली. आजोबा माझ्या हातातल्या डबीकडं वाकले. "काय हाय ह्ये?"

"दिशा दाखवतंय," मी म्हणालो. "ही सुई उत्तरेला जाती."

"बरं. मग तुमाला उत्तरंला जायाचं हाय?"

"न्हाय. पश्चिमेला."

"मग उत्तर कशाला इचारून ऱ्हायलासा? पश्चिमच इचारा की." त्यांनी काठी आम्ही आलो होतो त्या बाजूला केली. "हिकडं पश्चिम. त्या अंगाला सकाळी येक साहेब झेंडं लावत हुता. माझ्या म्हशीनं येक खाल्ला."

"आजोबा, तुमची चूक होतीय," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. जो माणूस जन्मभर त्या पठारावर म्हशी राखतोय, त्याला मी पश्चिम कुठं ते सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. गिरिजाकडं बघून एवढंच म्हणाले, "पोरी, तू चल म्हशीमागनं. त्यो येईल सावकाश."

ती गेली. मी वीस पावलं मागून, हातात डबी घेऊन. सुई पूर्ण रस्ताभर मला सांगत होती की आपण पूर्वेला चाललोय.

खालच्या चहाच्या ताडपत्रीच्या पालात सगळे आमची वाट बघत होते. सर काळजीनं पांढरे पडले होते, आम्हाला बघितल्यावर त्यांचा रंग आणि भाषण दोन्ही परत आलं. त्यांनी आपलं होकायंत्र एका फळकुटावर ठेवलं, माझं दोन हातांवर लांब ठेवलं. त्यांचं लाल टोक एकीकडं, माझं बरोबर विरुद्ध.

"हे कुठे ठेवत होतास?"

"शॉपमध्ये. ड्रॉवरला."

"सोबत काय होतं?"

सांगताना माझ्या लक्षात आलं, पण तोंडातनं गेलंच. "डायल गेजचा मॅग्नेट स्टँड."

लेथवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जॉब, म्हणजे लेथवर लावलेला लोखंडाचा तुकडा, किती तिरका फिरतोय ते मोजायला आम्ही एक मीटर वापरतो, तो मशीनला चिकटून राहावा म्हणून त्याच्या बुडात जबरदस्त चुंबक असतं. हातानं ओढून निघत नाही. त्याच्या शेजारी माझी कोवळी सुई आठ दिवस पडून होती. चुंबकाजवळ चुंबक ठेवलं की कमजोर असेल त्याची टोकं अदलाबदल होतात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकलोय. त्यात मला साठपैकी बावन्न मार्क होते.

पाल हसण्यानं हलायचं बाकी होतं. उद्यमनगरातला एवढा मोठा कारागीर! सरसुद्धा हसले, आणि कपाटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आपलं चुकलं हे न सांगण्यात ते माझे गुरू शोभतात. फक्त गिरिजा हसत नव्हती. ती चहा पीत होती, दोन्ही हातांनी पेला धरून.

तेव्हा जाणार असाल तर ध्यानात ठेवा: होकायंत्र चुंबकापासून, स्पीकरपासून, मोबाईलपासून लांब ठेवा. निघण्याआधी सूर्य उगवताना एकदा पडताळून बघा. सुई उलटी झालीच तर जोरदार चुंबक एका दिशेनं फिरवून परत सुलटी करता येते. मी केली, मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

परतीच्या एसटीत ती मैत्रिणींत बसली होती. कोल्हापूरला स्टँडवर उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते, उचगावच्या बसला पाच मिनिटं होती. ती मैत्रिणींना थांबवून माझ्याकडं आली.

"तू कालपासनं कायतरी बोलायचं म्हणून फिरतोयस न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"मला कळत न्हाय व्हय? म्हणून तर जोडीला आलतो मी." तिनं बसकडं एकदा बघितलं. "दोन तास होतं की तुझ्याकडं."

अजूनही पाच मिनिटं होती. पण क्लबची महागाच्या बुटांची पोरं दहा हातांवर उभी होती, त्यातल्या एकानं 'मॅग्नेट' असं हळूच म्हटलं, आणि माझ्या डोक्यात परत ते सगळं पाल हसलं.

"होकायंत्र शिकायला आलतो," मी म्हणालो. "झालं शिकून."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली. मग बसकडं चालायला लागली, आणि बसमध्ये खिडकीची जागा असून ती आतल्या बाजूला बसली.

बुधवारी निपाणीचे पाव्हणे आले. गुरुवारी त्यांचा होकार आला, शनिवारी तिचा. हे मला मित्राकडून कळलं. शनिवारपर्यंत वाट बघितली तिनं, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होतो. मग हेही कळलं की त्यांच्यात शनिवारीच कळवायची पद्धत आहे.

लोक विचारतात, मसाईला काय बघितलंस? काही नाही बघितलं. धुकं होतं. शिबिराचं प्रमाणपत्र पोस्टानं घरी आलं, त्यावर माझं नाव चुकलंय. वडिलांनी ते देवघराशेजारी लावलं, कारण घरातलं माझ्या नावाचं ते एकमेव प्रमाणपत्र आहे. बूट वाळायला आठवडा लागला. तुटलेलं बटण मी लावलं नाही. आईनं एकदा विचारलं, मग दुसऱ्या रंगाचं लावून टाकलं.

लग्नाला आमच्या अख्ख्या वर्गाला बोलावणं होतं, मलाही. निपाणीला जाऊन आलो. नवरा तंबाखूच्या व्यापारातला आहे. त्याला नाव ठेवायला काहीतरी सापडेल म्हणून तासभर त्याला न्याहाळत बसलो. काही मिळालं नाही. उलट स्टेजवर गेल्यावर त्यानंच हात पुढं केला.

"हा माझ्यासंगं मसाईवर चुकलावता," गिरिजा त्याला म्हणाली.

"हां, हां, सांगितलंय हिनं," तो हसला. "मग? वाट कुणी शोधली?"

ती माझ्याकडं बघत होती.

"हिनं," मी म्हणालो. "कड्यावरच कळलंवतं हिला. मी ऐकलं न्हाय."

तिनं मान डोलावली. पुढची माणसं पाकिटं घेऊन जिन्यात खोळंबली होती, म्हणून मी खाली उतरलो.